घड्याळाच्या कामाला मॅट कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे: घरच्या डायनिंग टेबलावर दोन कामं करायची आहेत. आजोबांची एचएमटी जनता उघडून साफ करायची आणि नंतर सायकोच्या एनएच३५ या तयार मशीनवर आवडीची डायल आणि काटे बसवून स्वतःचं घड्याळ जुळवायचं. समोर तीन पर्याय आहेत: मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असते ती निळी सिलिकॉनची मॅट, स्टेशनरीच्या दुकानातली हिरवी कटिंग मॅट आणि घड्याळांसाठीच बनवलेली, बर्जॉन या स्विस कंपनीची मॅट. यातली कुठली घ्यायची?

निळी नको. हिरवी घ्या, पण ती खाली पाया म्हणून. तिच्यावर साधारण ए-४ कागदाएवढी किंवा त्याहून थोडी लहान, मऊ आणि बिनचमकीची दुसरी मॅट ठेवा. ती बर्जॉनची असेल तर छानच, नसेल तरी काही अडत नाही. उत्तर एवढंच आहे, पण कारणं कळली नाहीत तर दुकानात गेल्यावर पुन्हा गोंधळ होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेक जण मॅट घेतात ती टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून. घड्याळाच्या कामात टेबल हा सगळ्यात स्वस्त भाग असतो. हातातून सुटलेला भाग पडला तिथेच थांबावा आणि डोळ्यांना लगेच दिसावा, ही मॅटची खरी जबाबदारी. जनतामध्ये १७ ज्वेल्सचं (घर्षण कमी करायला बसवलेल्या माणकांचं), चावी द्यायचं मशीन आहे. त्यातल्या बॅलन्सच्या, म्हणजे घड्याळाची गती ठरवणाऱ्या, मागेपुढे फिरणाऱ्या चाकाच्या आसाचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जाड असतं. डायलवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असतं, म्हणजे धक्क्यापासून तो आस वाचवायची सोय; त्या शॉकची स्प्रिंग इतकी हलकी की चिमट्यातून निसटली तर खाली पडायच्या आधी उडते. काचेवर किंवा सनमायक्यावर स्टीलचा स्क्रू पडला की तो उसळतो आणि दुसऱ्या उसळीला टेबलाबाहेर जातो. मऊ पृष्ठभाग तो धक्का जिरवतो.

म्हणून मॅट पारखायची माझी पद्धत साधी आहे. खिशात भंगार मशीनचा एक स्क्रू आणि एखादं चाक ठेवायचं. मॅटपासून वीतभर उंचीवरून दोन्ही सोडायचे. पडल्या जागेपासून चार बोटांच्या आत थांबले तर मॅट घेण्यासारखी. टप्पा घेऊन कडेला गेले तर पुढचं काही विचारू नका, किंमतही नाही. ऑनलाइन मागवत असाल तर परत करता येईल अशीच मागवा आणि पाकीट उघडल्या उघडल्या ही चाचणी करा.

आता मऊ म्हणजे किती मऊ? इथे लोक दुसऱ्या टोकाला जातात. जेलची गादी, माउसपॅड, घडी घातलेला टॉवेल, फेल्ट, यांवर वस्तू उसळत नाही हे खरं. पण टॉवेल आणि फेल्ट तंतू सोडतात, आणि एक तंतू हेअरस्प्रिंगच्या, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या, वेटोळ्यात अडकला की चालणारं घड्याळ थांबतं. माउसपॅडचं कापडी विणकाम तेल पिऊन घेतं आणि त्यातल्या खाचांमध्ये छोटे स्क्रू उभे राहतात. फार मऊ मॅटची आणखी एक अडचण चिमटा धरल्यावर कळते. तुम्ही भाग उचलायला चिमट्याची टोकं खाली दाबता, मॅट खचते, भाग तिरका होतो आणि पकड बसायच्या क्षणीच मॅट वर उसळून त्याला ढकलून देते. सुटे भाग उडतात त्यातले कितीतरी असे उडतात, आणि लोक दोष देतात हाताच्या कापऱ्याला. उलट काचेसारख्या टणक पृष्ठभागावर चपटा वॉशर उचलायला चिमट्याला खाली शिरायला जागाच नसते. जोर लावला की टोक वाकतं. दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा, नखाने दाबला तर किंचित दबणारा आणि लगेच सपाट होणारा पृष्ठभाग यात बसतो.

तुम्ही म्हणाल, नाक्यावरचे जुने घड्याळजी तर काचेवर पांढरा कागद टाकून आयुष्यभर काम करत आले. करत आले, आणि उत्तम करत आले. पण त्यांचा हात बघा. भाग निघाला की तो टेबलावर राहतच नाही. सरळ काचेच्या वाटीत जातो आणि वाटीवर झाकण बसतं. कागद दर घड्याळाला बदलता येतो, आधीच्या घड्याळाची घाण पुढच्यात जात नाही, म्हणून तो वापरतात. त्यांच्या या पद्धतीतली वाटी आधी उचला, काच नंतर. मॅट म्हणजे भाग ठेवायची जागा नव्हे. कप्प्यांचा, झाकणाचा डबा घ्या आणि मॅटवर एका वेळी हातातलं काम सोडून दुसरं काही ठेवू नका. कागद वापरायचाच असेल तर झेरॉक्सचा गुळगुळीत कागद चालतो. वर्तमानपत्र आणि टिश्यू नको.

निळ्या मॅटबद्दल मी इतका ठाम का, तर चुंबकामुळे. मोबाइल दुरुस्तीच्या मॅटमध्ये स्क्रू ठेवायचे छोटे कप्पे असतात आणि बऱ्याच मॅटमध्ये त्या कप्प्यांखाली चुंबकाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. फोनचे स्क्रू हरवू नयेत म्हणून ती सोय चांगली आहे. घड्याळात तीच सोय घात करते. स्क्रू, चिमटा, स्क्रूड्रायव्हर हळूहळू चुंबकीय होतात, त्यांच्याकडून चुंबकत्व बॅलन्सपर्यंत पोचतं, हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटायला लागतात. स्प्रिंगची कामाची लांबी त्यामुळे कमी होते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागतं. मग माणूस वेग जुळवायची दांडी, म्हणजे रेग्युलेटर, हलवत बसतो आणि मूळ कारण मॅटमध्येच राहतं. सगळ्या निळ्या मॅट अशा नसतात, पण वरून बघून कळत नाही. फोनमधलं होकायंत्र सुरू करून फोन मॅटवरून सावकाश फिरवा. सुई एखाद्या ठिकाणी वेडीवाकडी फिरली तर ती मॅट मोबाइलवाल्यालाच शोभते. घरात आधीच अशी मॅट असेल आणि वापरून झाली असेल तर निळ्या डबीतला स्वस्त डीमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढणारा) घ्या आणि हत्यारं एकदा त्यावरून काढा.

या मॅटची जाहिरात होते ती उष्णता सहन करण्याबद्दल. सोल्डरिंग गन चालवणाऱ्याला त्याचा उपयोग. घड्याळात उष्णतेचं काम क्वचित येतं, आणि येतं तेव्हा, म्हणजे पॅलेट फोर्कचे (बॅलन्सला ढकलणाऱ्या दुतोंडी भागाचे) दगड लाखेने बसवताना किंवा स्क्रू निळे करताना, ते धातूच्या पट्टीवर होतं, मॅटवर नव्हे. पाचशे अंश लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका.

रंगाचा विषय लोक आवडीवर सोडतात, तो तसा नाही. घड्याळात तुम्हाला पितळेचा पिवळा, स्टीलचा पांढुरका, माणकांचा गुलाबी-लाल आणि कधी निळ्या स्क्रूंचा रंग शोधायचा असतो. निळ्या मॅटवर निळा स्क्रू आणि लाल मॅटवर ज्वेल नाहीसं होतं. शुभ्र पांढऱ्यावर सगळं दिसतं, पण वर एलईडीचा दिवा आणि डोळ्याला भिंग असलं की अर्ध्या तासात डोळे पाणावतात. काळ्या मॅटवर धूळ आणि तंतू छान उठून दिसतात, डायल बसवायच्या वेळी ते उपयोगी पडतं, पण पूर्ण मशीन खोलायला काळी नको; स्टीलचे भाग चमकतात आणि त्यांची सावली हरवते, त्यामुळे भाग उताणा आहे की पालथा हे चटकन कळत नाही. काळ्या मॅटवर फोटो देखणे येतात, बहुतेक वेळा ती त्यासाठीच विकत घेतली जाते. मी फिकट हिरवी वापरतो, फिकट राखाडीही तेवढीच चांगली. चमक मात्र अजिबात नको. चकचकीत सिलिकॉनवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, आणि चपटं कॅप ज्वेल त्याला असं चिकटतं की उचलताना उपडं होतं.

कटिंग मॅटला मी पायाला का ठेवलं, वर का नाही, याचं एक कारण तिच्यावरच्या छापील रेघा. शॉकची स्प्रिंग त्या पांढऱ्या रेघेवर पडली तर समोर असूनही दिसत नाही. मागची बाजू कोरी असेल तर उलटी करून वापरा. दुसरं कारण टणकपणा: साधारण तीन मिलिमीटरची ही मॅट काचेपेक्षा बरी, पण स्क्रू सोडून पाहिलात तर टप्पा खातेच. मात्र पायाला तिच्यासारखी वस्तू नाही. सपाट राहते, सरकत नाही, काहीशे रुपयांत ए-३ आकारात मिळते. एकच अट, तिच्यावर कटर चालवायचा नाही. चिरांमध्ये तेल आणि मळी बसते आणि ती पुसून निघत नाही.

मटेरियल कुठलं निवडायचं हे तुम्ही साफ कशाने करता त्यावर ठरतं. जनता खोलाल तेव्हा जुनं सुकलेलं तेल काढायला लायटरचं पेट्रोल वापराल. सिलिकॉन अशा पेट्रोलजन्य द्रवात फुगतं. थेंब वाळला की बहुतेक वेळा पूर्ववत होतं, पण रोजच्या थेंबांनी त्या जागी लाटा येतात. मऊ पीव्हीसीमधला मऊपणा देणारा पदार्थच हे द्रव खेचून घेतात, मग ती जागा कडक होते. अ‍ॅसिटोन पीव्हीसीला चिकट करून टाकतं. नायट्राइल रबर पेट्रोलला चांगलं टिकतं, पण अ‍ॅसिटोनपुढे तेही हरतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल यातल्या कशालाच फारसा त्रास देत नाही. तरीही मॅटवर धुणं करूच नका. झाकणाच्या काचेच्या बरण्या बाजूच्या स्टीलच्या ताटात ठेवा, धुणं तिथे. आणि विषय निघालाच आहे तर, पॅलेट फोर्क अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवू नका. त्याचे दगड लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

स्वस्त सिलिकॉनची आणखी एक चाचणी सांगतो. मॅटवर गुळगुळीत पांढरा कागद ठेवा, त्यावर जाड पुस्तकं, आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर तेलकट छटा उमटली असेल तर मॅट तेल सोडते आहे. घड्याळात तेलाचा थेंब जिथे ठेवला तिथेच राहायला हवा. भागांना सिलिकॉन तेलाचा नुसता हात लागला तरी वंगण पसरून पिव्होट, म्हणजे आसाचं टोक, कोरडं पडतं. नाकाला प्लॅस्टिकचा उग्र वास येणारी पीव्हीसी मॅटही घेऊ नका. तिच्यावर रंगवलेली डायल उपडी ठेवून आठवडाभर विसरलात तर रंग चिकटून बसू शकतो. चोर बाजारातून आणलेल्या, पुन्हा रंगवलेल्या डायलींना तर हा धोका जास्त, कारण वरचा थर मुळातच कच्चा असतो.

चामडं जुन्या युरोपीय चित्रांत छान दिसतं. आपल्याकडे, त्यातही मुंबईत आणि कोकणात, पावसाळ्यात त्याला बुरशी येते. पट्टे शिवायला ठेवा.

आता दुसरं काम, एनएच३५. इथे कसोटी बदलते. मशीन तुम्ही खोलणारच नाही आहात, त्यामुळे सुटे भाग कमी. शत्रू एकच, कचरा. सगळं जुळवून, काच बसवून, झाकण आवळल्यावर डायलवर एक पांढरा तंतू दिसतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. सिलिकॉनची खोड अशी की ते घरातली सगळी धूळ ओढून घेतं. त्याचा गुण असा की ते धुता येतं. भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी, मग फडक्याने न पुसता हवेवर वाळवणं. काम सुरू करण्याआधी रुंद चिकटपट्टी मॅटवर दाबून उचलली की उरलेले तंतू निघतात. जनता साफ केलेल्या मॅटवर न धुता एनएच३५ जुळवायला बसू नका. शक्य असेल तर दोन वेगळ्या लहान मॅट ठेवा, एक मळक्या कामाला, एक फक्त डायल-काट्यांना.

काटे बसवताना मऊ मॅट अडथळा होते, हे बरेच जण उशिरा शिकतात. एनएच३५ ला तासकाट्याचं भोक १.५० मिलिमीटर, मिनिटकाट्याचं ०.९० आणि सेकंदकाट्याचं ०.२०. मशीन थेट मॅटवर ठेवून वरून दाबलंत तर खाली रोटर (हात हलला की आपोआप चावी देणारा फिरता भाग) आहे. तो मॅटमध्ये रुततो, मशीन किंचित कलतं आणि काटा तिरका बसतो. सेकंदकाट्याच्या बाबतीत तिरका दाब म्हणजे नळी वाकली किंवा आस वाकला. मशीन होल्डरमध्ये धरा, होल्डर टणक पायावर, म्हणजे त्या कटिंग मॅटवर ठेवा, आणि मऊ मॅट तेवढ्यापुरती बाजूला सरकवा. याउलट मशीन केसमध्ये घालून घड्याळ उपडं करायचं असतं, झाकण आवळायचं असतं, तेव्हा काच खाली येते. तिथे जेलची छोटी गोल गादी कामाची. जनतासारख्या जुन्या घड्याळाची काच अ‍ॅक्रिलिकची असते, तिला तर ती हवीच.

चावीचा दांडा, म्हणजे स्टेम, मापात कापायचं काम मॅटवर मुळीच करू नका. कटरखालून तुकडा सुसाट उडतो आणि कानशीने घासताना पडणारा पोलादी चुरा मऊ मॅटमध्ये रुतून बसतो. तिथून तो मशीनमध्ये जातो, आणि चुरा चुंबकीय असला तर बॅलन्सपर्यंत जातो. स्टेम कापायला, पट्ट्याच्या पिना ठोकायला, दाबून बसवलेली झाकणं उघडायला घरातली दुसरी जागा शोधा. खिडकीचा कठडा चालेल. कापताना स्टेमचं नको असलेलं टोक बोटाने झाकून धरा, म्हणजे डोळ्यात जाणार नाही.

स्टॅटिक विजेबद्दल विचारलं नाहीत, पण दुकानदार नक्की विचारेल, कारण ईएसडी (स्टॅटिक वीज काढून नेणाऱ्या) मॅटची किंमत जास्त असते. शुद्ध यांत्रिक मशीनला त्याची गरज नाही. क्वार्ट्झ घड्याळांच्या सर्किटला आहे, विशेषतः कोरड्या हवेत, थंडीत. यांत्रिक कामात तिचा एक आडवळणाचा फायदा मिळतो: स्टॅटिक नसलं की डायलला तंतू कमी चिकटतात. चांगल्या ईएसडी मॅटच्या वरच्या थराचा रोध साधारण १० लाख ते १०० कोटी ओहम असतो, आणि ती अर्थिंगला जोडली तरच काम करते. नुसती टेबलावर पसरली तर ती एक महाग रबरी चटई. अर्थिंगसाठी त्या मॅटबरोबर येणारी, आत १० लाख ओहमचा रेझिस्टर असलेली वायरच वापरा, आणि जुन्या इमारतीत राहत असाल तर सॉकेटच्या मोठ्या भोकाला खरंच अर्थिंग जोडलेलं आहे का हे आधी वायरमनकडून तपासून घ्या. जिथे फक्त शोभेचं भोक आहे तिथे हा सगळा खटाटोप व्यर्थ. तुमच्या दोन्ही घड्याळांसाठी मी ईएसडीवर खर्च करणार नाही.

मॅटइतकंच लक्ष तिच्या आजूबाजूला द्या. डायनिंग टेबल घड्याळाच्या कामाला बुटकं पडतं; काम छातीच्या उंचीला यावं, कोपर टेकलेले असावेत, म्हणजे मान वाकत नाही आणि हात स्थिर राहतो. टेबलावर रुंद, न डुगडुगणारा चौरंग ठेवा, खाली रबराचा तुकडा आणि वर कटिंग मॅट. देवघरातला उचलण्याआधी घरात विचारा. पंखा बंद. उकडलं तरी बंद. सेकंदकाटा पंख्याच्या झोताने उडतो आणि झोताबरोबर आलेली धूळ डायलवर बसते. टेबलाच्या पुढच्या कडेला एक सुती, तंतू न सोडणारा ओढणीसारखा पातळ कपडा क्लिपांनी लावा आणि त्याचं दुसरं टोक कमरेला खोचा. मॅटवरून घरंगळलेलं सगळं मांडीत येतं. कारखान्यातल्या बेंचना पुढे ओढायचा ट्रे असतो तो याच कारणासाठी. मोझॅइकच्या किंवा टाइल्सच्या फरशीवर पडलेला स्क्रू फ्रीजखालीच सापडतो, तोही सापडला तर. शोधायची वेळ आलीच तर खोलीतले दिवे बंद करून टॉर्च फरशीला टेकवून आडवा प्रकाश टाका, बारीकशा भागाचीही लांब सावली पडते. झाडू मात्र मारू देऊ नका.

राहिला बर्जॉनचा प्रश्न. स्वित्झर्लंडमधल्या ल लोकल गावची ही कंपनी १७९१ पासूनची आहे आणि हत्यारांच्या बाबतीत नाव कमावलेलं आहे. त्यांची मऊ हिरवी मॅट वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या कसोट्यांना उतरते: चमक नाही, रेघा नाहीत, उसळी नाही, खाली सरकत नाही. पण पहिल्या दोन घड्याळांसाठी हेच पैसे चांगल्या चिमट्यात आणि टोकं नीट घासलेल्या स्क्रूड्रायव्हरमध्ये घाला. वाईट चिमटा भाग उडवतो, आणि उडालेला भाग कुठलीच मॅट पकडू शकत नाही. ती फक्त पडलेल्याला थांबवते. कोरी, बिनचमकीची, चुंबक नसलेली फिकट सिलिकॉन मॅट त्याच्या अंशाभर किमतीत मिळते. ती स्क्रूच्या आणि कागदाच्या चाचणीत पास झाली तर घ्या. मॅट कुरियरने गुंडाळून येते आणि कडा वर उचललेल्या राहतात. जड पुस्तकांखाली दोन दिवस ठेवून सपाट करून मगच वापरा, कारण उचललेल्या कडेवरून स्क्रू पुन्हा मध्यभागी, तुमच्या उघड्या मशीनवर घरंगळतो.

आणि क्रम बदला. आधी एनएच३५ जुळवा, जनता नंतर. एनएच३५ बिघडलं तर दुसरं विकत मिळतं.